लाइपझिगचे काळे चार दिवस (गॉथ, वेव्ह-गोटिक-ट्रेफन वगैरे)

लाइपझिगकर

'युरोपातले उन्हाळी महोत्सव' या धाग्यावर मी जाता जाता वेव्ह-गोटिक-ट्रेफन या गॉथ लोकांच्या संगीत महोत्सवाचं नाव घेतलं आणि व्यनिंचा (खाजगी निरोपांचा) पाऊस पडला. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

दरवर्षी पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या जोडसुट्टीला, शुक्रवार ते सोमवार, जगभरातली गॉथ मंडळी (काळे कपडे घालणारे, गूढ-उदास संगीताचे चाहते) जर्मनीतल्या आमच्या लाइपझिगला येतात. आकडा वीस हजारांच्या आसपास. तारीख ईस्टरवर ठरते, त्यामुळे मे-जूनमध्ये पुढेमागे सरकते. २०२५ साली ६ ते ९ जून होती, २०२६ ची २२ ते २५ मे. सुरुवात १९९२ ची. कोनेविट्झ भागात आइसकेलर नावाचा क्लब होता, आता त्याला कॉने आयलंड म्हणतात. पहिल्या वर्षी तिथे दोनेक हजार माणसं जमली होती.

याला एक ठरलेलं मैदान नाही, आणि मला सगळ्यात आवडतं ते हेच. कुंपण, गेट, आत चिखल आणि बाहेर गाव, असला प्रकार नाही. कार्यक्रम शहरभर विखुरलेले. दक्षिणेला आग्रा नावाचा मोठा परिसर आहे (आपल्या आग्ऱ्याशी संबंध नाही, पूर्व जर्मनीच्या काळात तिथे शेतीचं सरकारी प्रदर्शन भरायचं). जिथे ट्रॅक्टर आणि गाई उभ्या असायच्या तिथल्या हॉलमध्ये आता मोठे बँड वाजवतात, आणि शेजारच्या हॉलमध्ये बूट, कॉर्सेट, चांदीचे दागिने आणि रेकॉर्डींचा बाजार लागतो. मग गावात मोरिट्झबास्टाय. सोळाव्या शतकातल्या तटबंदीचा उरलेला बुरूज, युद्धानंतर ढिगाऱ्याखाली गाडला गेलेला. १९७४ पासून विद्यापीठाच्या पोरांनी श्रमदानाने तो उकरून काढला. अँगेला मर्केल तेव्हा इथे भौतिकशास्त्र शिकत होत्या, त्यांनीही तिथे खोरं चालवलंय. त्या विटांच्या तळघरांत आता पहाटेपर्यंत नाच चालतो. शिवाय नाट्यगृहं, चर्च, संग्रहालयं. ९१ मीटर उंचीचं ते अवाढव्य युद्धस्मारक आहे ना, त्याच्या पोटातसुद्धा मैफली झाल्यात.

तिकीट घेतलं की मनगटाला पट्टी बांधतात. ती दाखवली की शहरातल्या ट्रामही त्यातच. अकरा नंबरची ट्राम त्या चार दिवसांत बघण्यासारखी असते. एका बाकावर तीन फुटी घेराचा परकर सावरत बसलेली बाई, शेजारी भाजीची पिशवी मांडीवर घेतलेल्या आजी, आणि दोघींचं हवापाण्यावर बोलणं चाललेलं.

विचारा काय विचारायचं ते.

खवट_म्हातारा

फोटो पाहिले. भुताखेतांचं स्नेहसंमेलन दिसतंय. (हलके घ्या.)

पण खरंच विचारतो, ही मंडळी सैतानाची पूजाबिजा करतात का? की नुसतीच नटतात? दुसरं म्हणजे जूनच्या उन्हात चामड्याचे कोट घालायचे म्हणजे हौसेला मोल नाही.

अबोली७

वाचतेय. फोटोंतल्या त्या पांढऱ्या छत्र्या आणि बागेतली पंगत कसली आहे?

लाइपझिगकर

@अबोली७, ती व्हिक्टोरियन पिकनिक. शुक्रवारी दुपारी क्लारा-झेटकिन बागेत. एकोणिसाव्या शतकातले कपडे घालून लोक चादरी अंथरतात, चांदीच्या सुरया, केकचे मनोरे, एखादा तर चक्क मेणबत्त्यांचं झुंबर घेऊन येतो. याला तिकीट नाही, कुणीही जावं. त्यामुळे बघे आणि कॅमेरेवालेही फार. जुने लोक हल्ली कुरकुरतात की पिकनिक कमी आणि फोटोसेशन जास्त झालंय. कुरकुर रास्त आहे.

@खवट_म्हातारा, सैतानाचं विचाराल तर तुमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत जास्त सैतान भेटतील. येणाऱ्यांत चाळिशी-पन्नाशीचे ढिगाने असतात. दंतवैद्य, ग्रंथपाल, आयकर खात्यातले कारकून. काळ्या बाबागाडीत काळं झबलं घातलेलं बाळ आणि त्याच्या कानांवर आवाजरोधक हेडफोन, हे दृश्य तर नेहमीचंच. धर्माचं म्हणाल तर नास्तिक आहेत, ख्रिस्ती आहेत, जुन्या युरोपीय देवदेवता मानणारे आहेत. सगळ्यांना एकत्र आणतं ते संगीत.

बेसवाला

संगीताचं नाव आता कुठे निघालं! इतका वेळ परकर आणि बाबागाड्याच चालल्या होत्या.

कपडे नंतर आले, मंडळी, आधी आवाज आला. पंकची आग विझत आली होती तेव्हा इंग्लंडातल्या काही पोरांनी त्यातला राग काढून घेतला आणि जागा मोकळी सोडली. नॉर्दम्प्टनच्या बाउहाउस या बँडने ऑगस्ट १९७९ मध्ये 'बेला लुगोसीज डेड' काढलं. नऊ मिनिटांपेक्षा मोठं. रेडिओवर तीन मिनिटांची गाणी वाजायच्या काळात या गाण्यात गायकाचा आवाज यायलाच जवळजवळ तीन मिनिटं लागतात. तोवर नुसती ड्रमच्या कडेवरची टिकटिक, तिच्यावर जमैकन डब संगीतासारखा घुमणारा इको, आणि खाली खाली उतरत जाणारा बेस. गिटार तर जणू दार खरवडतेय.

हेडफोन लावून ऐकलंत तर या सगळ्या घराण्याची गुरुकिल्ली त्यात सापडेल. रॉकमध्ये चाल गिटारकडे असते आणि बेस खालून टेकू देतो. इथे उलटं. चाल बेसकडे, गिटार नुसतं धुकं सोडते. कोरस आणि फ्लँजर ही आवाज बदलणारी यंत्रं लावून सूर ओले करून सोडतात. ड्रममध्ये झांजा कमी आणि टॉम (खोल आवाजाचे ढोल) जास्त, म्हणून तो पावलांसारखा वाटतो. सूझी अँड द बॅनशीज या बँडचं १९८१ चं काम, क्युअर या बँडचं १९८२ चं, ऐका म्हणजे कळेल. लीड्सच्या सिस्टर्स ऑफ मर्सी या बँडने तर ड्रमरच ठेवला नाही, यंत्र लावलं आणि त्याचं बारसं केलं 'डॉक्टर अ‍ॅव्हलांच'. बँडमधली माणसं आली-गेली, डॉक्टर अजून नोकरीत आहेत.

१९८२ साली लंडनच्या सोहोत बॅटकेव्ह नावाचा क्लब निघाला आणि केस, जाळी, काजळ याचं जे काय दुकान आज दिसतं ते बरंचसं तिथे मांडलं गेलं. गंमत अशी की सूझी असो नाहीतर सिस्टर्सचा गायक एल्ड्रिच, आम्ही गॉथ नव्हेच असं आयुष्यभर सांगत आले. आणि त्यांच्या नावाने वीस हजार माणसं जमतात.

ठाणे_लोकल

बेसवाला, दंडवत. म्हणजे मी कॉलेजात ज्याला गॉथ समजत होतो ते मेटल होतं. लांब केस, काळा टीशर्ट, डोकं आपटणं. इथे नाचतात कसे? की नुसतेच भिंतीला टेकून दुःखी उभे राहतात?

बेसवाला

नाचतात तर! चार पावलं पुढे, थोडं वाकून, हात जमिनीवरून काहीतरी वेचल्यासारखे, मग चार पावलं मागे. परत पुढे. दिंडीतली पाउली पाहिली आहे ना? टाळ काढून घ्या आणि कपडे काळे करा. कुणी कुणाला धक्का देत नाही, प्रत्येकाची आपली पट्टी ठरलेली. जर्मन लोक स्वतःच याची टिंगल करतात आणि मग तसंच नाचतात.

मेटलचा डोकंआपट प्रकार इथे नाही. इलेक्ट्रॉनिकवाल्यांचा वेगळा, तो कवायतीसारखा. फ्रंट २४२ सारख्या बेल्जियन बँडपासून ती शाखा फुटली. त्या हॉलमध्ये गेलात तर धुकं नाही, थेट कारखाना.

आण्णा_सांगलीकर

नमस्कार मंडळी. मी इथे फक्त शेतीच्या आणि पाककृतींच्या धाग्यांवर असतो. पण हा धागा एका भाच्याने पाठवला.

माझी लेक लाइपझिगला शिकायला आहे, पहिलंच वर्ष. परवा व्हिडिओ कॉलवर ओठ काळे, डोळ्यांभोवती काळं. म्हणाली, बाबा, मैत्रिणींबरोबर एका फेस्टिव्हलला चाललेय, तो हाच. तिची आई तेव्हापासून नीट जेवलेली नाही. मी काही मागासलेला माणूस नाही, पण रात्री-अपरात्री, परक्या गावात, दारू वगैरे असणार. खरं काय ते सांगा. पटवण्यासाठी सांगू नका.

लाइपझिगकर

आण्णा, नमस्कार. खरं तेच सांगतो.

बिअर असते, जर्मनी आहे. पण पिऊन गोंधळ घालणारे इथे इतर कुठल्याही फुटबॉल सामन्यापेक्षा कमी. शहरातल्या ट्रामचालकाला विचारा की वर्षातले कुठले चार दिवस सगळ्यात शांत जातात, तो हेच सांगेल. मुली एकट्या रात्री दोन वाजता ट्रामची वाट बघत उभ्या असतात. अंगावर आलेलं कुणी नाही, असं माझ्या बायकोचं मत, आणि ती मत सहजासहजी देत नाही.

तुम्हाला २००० सालची गोष्ट सांगतो, म्हणजे स्वभाव कळेल. नववं वर्ष होतं. आयोजकांनी आवाक्याबाहेरचा घाट घातला, शेकडो बँड बोलावले, आणि चालू महोत्सवात त्यांचं दिवाळं वाजलं. पैसे मिळणार नाहीत हे कळल्यावर सुरक्षारक्षक गेले, ध्वनीवाले, तंत्रज्ञ गेले. एकामागून एक कार्यक्रम रद्द. शहरात हजारो माणसं, हातात फुकट गेलेली तिकिटं, आणि अडवायला कुणी नाही. एकच वर्ष आधी अमेरिकेत वुडस्टॉक ९९ या संगीत महोत्सवात लोकांनी आगी लावल्या होत्या, त्यामुळे इथे काय होणार ही धास्ती असणारच. झालं काय, तर काही बँड फुकट वाजवायला उभे राहिले, प्रेक्षकांतलेच लोक मदतीला धावले, आणि दंगा न होता सगळं पार पडलं. पुढच्या वर्षी नव्या कंपनीने सूत्रं हातात घेतली आणि महोत्सव चालू राहिला. मधे फक्त कोरोनाच्या दोन वर्षांत, २०२० आणि २०२१ ला, खंड पडला.

हे लोक तिकीट काढून करमणूक बघायला येत नाहीत. घरचं कार्य असल्यासारखे येतात. आचारी पळाला तर वाढायला उठतील असे.

बेसवाला

लाइपझिगकर, गोष्ट खरी, पण साखर जरा जास्त झाली. त्या वर्षी कित्येक बँडना एक पै मिळाली नाही, कामगारांचे पैसे बुडाले. फुकट वाजवणं थोर आहेच, पण त्यामागे कुणाच्या तरी हिशेबातला घोळ होता. संगीतवाल्यांच्या वाट्याला 'प्रेमापोटी' वाजवणं नेहमीच येतं. आम्ही सोसायटीच्या गणपतीत हेच भोगलंय.

लाइपझिगकर

मान्य. आयोजकांचं कौतुक मी करतच नाहीये, जमलेल्यांचं करतोय.

आणि हा स्वभाव येतो कुठून, त्यालाही इथला इतिहास आहे. बर्लिनची भिंत पडायच्या आधीही पूर्व जर्मनीत असली पोरं होती. त्यांना ग्रुफ्टी म्हणत. स्टासीच्या, म्हणजे तिथल्या गुप्त पोलिसांच्या कागदांत तरुणांच्या वर्गवाऱ्या केलेल्या आहेत: पंक, स्किनहेड, हेवी मेटलवाले आणि ग्रुफ्टी. कबरस्तानात फिरणं, काळं घालणं हेसुद्धा समाजवादाला घातक. दुकानात काळे कपडे मिळायचे नाहीत म्हणून जुने कपडे रंगवायचे, पश्चिमेचा रेडिओ लावून गाणी कॅसेटवर उतरवायची. ऑगस्ट १९९० मध्ये क्युअर लाइपझिगला येऊन वाजवून गेले, तेव्हा दोन जर्मनी अजून एक व्हायच्या होत्या. ज्यांनी चोरून कॅसेटी ऐकल्या त्यांनाच दोन वर्षांत स्वतःचा मेळा भरवता आला. त्यातले बरेच आजही येतात, गुडघे धरत.

यॉर्कशायरी_भाकरी

इकडे विलायतेतूनही थोडी भर. आमच्याकडे व्हिटबीचा गॉथ वीकेंड आहे, १९९४ पासून. समुद्रकाठचं कोळ्यांचं गाव, वर टेकडीवर मोडकं मठमंदिर, तिथे जायला १९९ पायऱ्या. ब्रॅम स्टोकर १८९० साली इथे सुट्टीला आला होता, ड्रॅक्युला हे नाव त्याला इथल्याच वाचनालयातल्या एका पुस्तकात सापडलं. १८९७ च्या त्याच्या कादंबरीत जहाज याच किनाऱ्याला लागतं. त्यामुळे गॉथ लोकांना गाव शोधावं लागलं नाही.

पण लाइपझिगची सर नाही, हे आमच्यापैकी कुणीही मान्य करेल. इथे संगीत एका पॅव्हिलियनमध्ये आणि गल्ल्यांत पोशाखांची जत्रा. नाविक, समुद्री चाचे, स्टीमपंकवाले, आता तर कोणीही काहीही घालून येतं. वरच्या सेंट मेरी चर्चच्या आवारात लोक थडग्यांवर रेलून फोटो काढू लागले तेव्हा गावकरी चिडले, आणि बरोबर चिडले. ती कुणाच्या तरी पणज्याची कबर आहे. खरे गॉथ तिथे चढत नाहीत, चढतात ते भाड्याचा झगा घालून आलेले.

आण्णांना मुद्दाम सांगते. भीती वाटायची तर या लोकांची नाही, यांच्यासाठी वाटावी. ऑगस्ट २००७ मध्ये लँकेशायरातल्या बेकप गावी सोफी लँकेस्टर नावाची वीस वर्षांची मुलगी आणि तिचा मित्र रात्री बागेतून घरी चालले होते. दोघांचे कपडे वेगळे, एवढ्या कारणावरून पोरांच्या टोळक्याने मारलं. मित्राला वाचवायला ती आडवी आली. तेरा दिवसांनी गेली. तिच्या आईने मग संस्था काढली, शाळाशाळांतून बोलत राहिली. २०१३ साली ग्रेटर मँचेस्टर पोलिसांनी अशा हल्ल्यांची नोंद द्वेषाचे गुन्हे म्हणून करायला सुरुवात केली. व्हिटबीत तिच्या नावाचा बाक आहे. आम्ही गेलो की तिथे बसतोच.

आण्णा_सांगलीकर

वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. तिच्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मग एकटीने नको, मैत्रिणींबरोबरच जा म्हणावं. म्हणजे जायला हरकत नाही असं धरून चालतो.

खवट_म्हातारा

आण्णा, घोडं गंगेत न्हालं.

माझा आक्षेप मात्र तसाच आहे. मुळात वेगळं दिसायचं, आणि सगळ्यांनी मिळून एकसारखं वेगळं दिसायचं, हे काय बंड झालं? पट्टी बांधून घेऊन बंड करणारी पहिलीच जमात.

सांजवात

काका, एकसारखं? तुम्ही फोटो चष्म्याशिवाय पाहिले असणार.

मी ड्रेस्डेनला असते, लाइपझिग तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे पिकनिकला जाऊन आले. व्हिक्टोरियन झगा घ्यायचा तर भाडंच डोळे पांढरे करतं. म्हटलं आपल्याकडे काळं काय आहे? संक्रांतीची चंद्रकळा! लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सासूबाईंनी घेतलेली, इथे आणून नुसती पेटीत. आईने पार्सलने हलव्याचे दागिने पाठवले होते तेही तसेच डब्यात होते. हार, बाजूबंद, कमरपट्टा, बिंदी. काळ्या साडीवर तो काटेरी पांढरा हलवा आणि नाकात नथ. आरशात बघितलं आणि वाटलं, आपल्या आज्या या लोकांच्या शंभर वर्षं पुढे होत्या.

बागेत शिरले तर कॅमेरेवाल्यांनी घेरलंच, पण ते सोडा. एक सत्तरीच्या बाई आल्या, स्वतः हाताने विणलेली काळी लेस घातलेली. त्यांनी विचारून हाराचा एक मणी बोटांत धरला, उजेडाकडे फिरवला. 'हे काच नाही, हाड नाही, मग काय?' म्हटलं साखर. मंद आचेवर परातीत तीळ किंवा खसखस हलवत थेंबथेंब पाक सोडतात, तासन् तास, तेव्हा असा काटा येतो. त्यांनी तिथल्या तिथे मैत्रिणींना गोळा केलं आणि मला तीनदा सगळं सांगायला लावलं. कपडे कुठून आणले हे तिथे कुणी विचारत नाही. कसे केले ते विचारतात. विकतचं घालून आलेल्याला हसत नाहीत, पण हाताने केलेल्याला मान वेगळा.

उकाड्याने बाजूबंद दुपारपर्यंत चिकट झाला आणि मुंग्यांनी पत्ता शोधला, हे अवांतर. 🙂

अबोली७

सांजवात, फोटो टाक गं! हलव्याचे दागिने आणि गॉथ, मी हसून हसून पडले आणि मग वाटलं, काय चुकलं त्यात?

खवट_म्हातारा

हं. हे मात्र झकास. हरलो म्हणत नाही, पण झकास.

ठाणे_लोकल

आता काडी टाकतो. आपल्याकडे हे का होत नाही? काळे टीशर्टवाले कमी नाहीत. मुंबईत इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव १९८६ पासून रंगभवनात होत होता. धोबीतलावची ती उघड्यावरची जागा, पायऱ्यांवर बसलेली पोरं, आजही जुन्या लोकांचे डोळे चमकतात. मग शेजारी इस्पितळ, कॉलेज, शांतता क्षेत्र, आणि २००३ पासून कार्यक्रम बंद. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर नाही, वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट. सवाईच्या रात्र-रात्र चालणाऱ्या मैफली याच नियमाने गेल्या, तिथे गॉथला कोण विचारतो?

बेसवाला

नियम हे अर्धंच कारण. लाइपझिगला पहाटेपर्यंत चालतं ते बहुतेक बंद दारांआड. तळघर, हॉल, नाट्यगृह. आपल्याकडे मध्यम आकाराच्या बंदिस्त जागाच नाहीत. एकतर पबचा कोपरा, जिथे तुमचं वाजवणं ही बिअरची चटणी, नाहीतर थेट लॉन्स आणि वीस प्रायोजक. पुण्याचा वीकेंडर हा संगीत महोत्सव २०१० ला सुरू झाला तेव्हा आशा वाटली होती. पण तीनशे माणसांची, चांगल्या आवाजाची, परवडणारी खोली गावात नसेल तर बँड वाढणार कुठे? बाउहाउस काय किंवा सिस्टर्स काय, अशाच खोल्यांत वाढले. लीड्सचा एफ क्लब नसता तर निम्मं घराणं नसतं.

आणि हवामान. मे महिन्यात दादरला पांढरा मेकअप लावून दाखवा, प्लॅटफॉर्म एकवरून दोनवर जाईपर्यंत टिकला तर कळवा.

संपादक

गणपती मंडळं आणि डीजे यावरचे सात प्रतिसाद 'ध्वनिप्रदूषण' धाग्यावर हलवले आहेत. कृपया विषयाला धरून.

निशाचर_पुणेकर

मला पुढच्या वर्षी जायचंय. माहिती द्या ना कुणीतरी, एक दिवसाचं तिकीट मिळतं का? राहायचं कुठे? जर्मनीतच हिल्डेसहाइमला होणाऱ्या एम'एरा लूना महोत्सवाचंही नाव ऐकलंय, नवख्याने आधी कुठलं करावं?

लाइपझिगकर

मुख्य महोत्सवाचं तिकीट चारही दिवसांचं एकच, सुटं मिळत नाही. भाव दरवर्षी बदलतो, अधिकृत संकेतस्थळावरच बघा आणि तिथूनच घ्या. आग्राला तंबू ठोकायचा असेल तर त्यासाठी ओब्सोर्गेकार्टं म्हणून वेगळं कार्ड घ्यावं लागतं, तिकिटाबरोबरच घेऊन टाका. तंबूत राहण्याची मजा वेगळी: सकाळी सात वाजता रांगेत उभं राहून, छोट्या आरशात बघत, तासभर काजळ घालणारे बुवे दिसतात. हॉटेल हवं असेल तर आतापासून बघा. माझ्या एका पाहुण्याचं बुकिंग एका हॉटेलाने ऐनवेळी रद्द केलं आणि तीच खोली दुप्पट दराला परत लावली, तेव्हा पुष्टी लेखी ठेवा.

आणि सगळं बघायचा हट्ट नको. एकाच वेळी शहराच्या दोन टोकांना दोन आवडते बँड असणारच. नाट्यगृहासारख्या छोट्या जागा भरल्या की दारं बंद, मग पट्टी दाखवा नाहीतर पाया पडा. दिवसाला एखादी जागा धरून बसणारे सुखी राहतात. मधल्या वेळात पट्टीवर काही संग्रहालयं बघता येतात, इजिप्शियन संग्रहालय चुकवू नका. दक्षिणेचं मोठं कबरस्तान, झ्यूडफ्रीडहोफ, तिथे दुपारी झाडांखाली फिरा. फिरा म्हणजे फिराच, थडग्यांवर बसू नका. तिथे त्याच आठवड्यात कुणाचे तरी अंत्यविधीही चालू असतात.

अजून एक, आपल्या लोकांसाठी. गळ्यात किंवा टॅटूत स्वस्तिक असेल तर झाका. नाझी चिन्हांवर इथे कायद्याने बंदी आहे. धार्मिक अर्थाला मोकळीक आहे, पण रात्री बारा वाजता रांगेत तो अर्थ समजावत बसायला कुणाला वेळ नसतो. शिवाय या वर्तुळातल्या लष्करी गणवेश मिरवणाऱ्या काही टोळक्यांवरून आधीच बरीच वादावादी झालेली आहे, त्यामुळे बाकीचे त्या बाबतीत तिखट असतात.

बेसवाला

निशाचर, एम'एरा लूना ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी, विमानाच्या धावपट्टीवर, २००० सालापासून. दोन दिवस, मोठं स्टेज आणि एक हँगर, पंचवीसेक हजार माणसं. नेहमीच्या महोत्सवासारखाच, त्यामुळे नवख्याला सोपा. आवडते बँड एका जागी उभं राहून बघायचे असतील तर तो. पोलंडमध्ये बोल्कूवच्या किल्ल्यात कॅसल पार्टी नावाचा महोत्सव होतो, खिशाला बरी आणि जागा अशी की दगडांतूनच बेस येतोय वाटावं. माझं मत विचाराल तर आधी लाइपझिग. तिथे बँड चुकले तरी चालतं.

कानात बोळे घाला. पन्नाशीत कळतं का सांगतोय ते.

यॉर्कशायरी_भाकरी

बूट नवे घेऊन जाऊ नका! घरी महिनाभर घालून मऊ करा. आणि फोटो काढायचा तर आधी विचारा, बहुतेक लोक हौसेने उभे राहतात. न विचारता लांबून टिपणाऱ्याबद्दल फार राग आहे, दोन्ही देशांत.

आण्णा_सांगलीकर

एक घरगुती शंका. आम्ही दोघं त्याच सुमारास लेकीकडे जायचं म्हणतोय, तिकिटं बघतोय. आम्हाला बँडबिंड झेपणार नाही. नुसतं बघता येईल का? आणि सौ. शाकाहारी आहे, तिथे खायला काय?

लाइपझिगकर

आण्णा, या! पिकनिक फुकट आहे, ती बघा. आग्राजवळ 'हायडनिशेस डोर्फ' म्हणून जुन्या काळचं गाव वसवतात: लोहार, चामडं शिवणारे, मशकबीन वाजवणारे, धुनी पेटलेल्या. तिथे महोत्सवाचं तिकीट नसलं तरी वेगळं दिवसाचं तिकीट काढून जाता येतं. अकरा नंबरची ट्राम, शेवटच्या टोकाकडची. त्यांच्या गर्दीत तुमचं पांढरं धोतर आलं तर तुमचेच फोटो काढतील.

खायचं म्हणाल तर तिथे हांडब्रोट मागा. भट्टीतून काढलेला गरम पाव, आत चीज भरलेलं, वरून आंबट क्रीम. दोन प्रकारचा असतो, हॅमचा आणि मशरूमचा. दुकानदाराला 'शाम्पिन्यों' म्हणायचं, म्हणजे मशरूमचाच मिळेल. वहिनींना मशरूम चालतं ना?

आण्णा_सांगलीकर

चालतं. पण शनिवारी चतुर्थी आली तर बघावं लागेल.